अनुभव धागा: कडेवर बाळ, समोर परीक्षा

शिकता शिकता मूल झालं, किंवा मूल झाल्यावर पुन्हा कॉलेजात नाव घातलं, अशांसाठी हा धागा. ‘इच्छा तिथे मार्ग’ छापाचं कृपया नको, ते नातेवाइकांनी पुरेसं ऐकवलंय. बाळ कोणाकडे ठेवलं, हजेरीचं काय केलं, पैसे कुठून आले, अंगावर पिणारं लेकरू आणि तीन तासांचा पेपर कसा जमवला, ते लिहा. सुरुवात मी करते.

एम.एस्सी. रसायनशास्त्र, दुसरं वर्ष

थिअरीचं निभतं, मैत्रिणी नोट्स पाठवतात. प्रॅक्टिकल तुमच्या नावावर दुसरं कोणी करू शकत नाही. लेक दिवाळीनंतर झाली आणि पाठोपाठ लॅब सुरू. टायट्रेशन ऐन रंगात आलं की नेमकं दूध भरून येणार. अ‍ॅप्रनच्या आत दुपट्याची घडी ठेवायचे. कॉलेजात दूध काढायला जागाच नाही. शेवटी ग्रंथालयातल्या मावशींनी जुन्या नियतकालिकांच्या खोलीची किल्ली हातावर ठेवली आणि स्वतः दाराशी स्टूल टाकून बसल्या. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं म्हणतात, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी तेवढी वाट पाहिली नाही; बर्फाच्या डब्यातून घरी पाठवायचे. बाटली लेकीनं तोंडात धरलीच नाही. आईनं माळ्यावरून माझं बोंडलं काढलं, त्यानं काम झालं.

गरोदरपणात सॉल्व्हंटजवळ नको म्हणून सरांनी माझे प्रयोग पुढे ढकलले होते, हेही नोंदवते. न मागता मिळालेली ती एकच सवलत.

मुक्त विद्यापीठ, बी.ए., सातारा जिल्हा

माझं बारावीनंतर लग्न झालं. रोज कॉलेजला जाणं आमच्या घरात शक्यच नव्हतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे म्हणून पदवी झाली. संपर्क सत्राला रविवारी जायचं, बाकी पुस्तकं घरी. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात आणि मांडीवर पुस्तक. पोरगं जागं झालं की अर्थशास्त्र मोठ्यानं वाचायचे, त्याला काय, आवाज हवा असायचा.

परीक्षेला सासूबाई केंद्रावर आल्या. “तू पेपर लिही, पोराचं मी बघते,” म्हणाल्या आणि बाहेर लिंबाखाली बसल्या. मध्ये पोरगं रडलं. वर्गातल्या सगळ्यांना ऐकू आलं, मलाही आलं. मी उठले नाही. सुटल्यावर बघते तर शिपायाच्या मांडीवर बिस्कीट खात बसलेला.

पीएच.डी. करणारी, मराठवाडा

वरच्या ताईंनी ‘न मागता’ लिहिलंय, म्हणून सांगते. मागा, आणि लेखी मागा. नोकरदार बाईला 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं आहे, विद्यार्थिनी त्यात बसत नाही. पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2016 च्या नियमांपासून पीएच.डी. करणाऱ्या बाईला 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे, 2022 च्या नियमांतही ती कायम आहे. वर प्रबंधाला दोन वर्षं जादा मिळू शकतात. पदवी आणि पदव्युत्तर मुलींसाठी यूजीसीनं डिसेंबर 2021 मध्ये सगळ्या विद्यापीठांना पत्र पाठवून रजेचे, हजेरीत सूट देण्याचे नियम करायला सांगितलं. केले की नाही, ते आपापल्या विद्यापीठात विचारायचं.

आमच्या ऑफिसात ‘असा नियमच नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. मी नियमाची छापील प्रत जोडून अर्ज दिला आणि आवक क्रमांक टाकून घेतला. आवक क्रमांक दिसला की आवाज बदलतो.

बाप चालतो का इथे?

बायको जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करतेय, मी रिक्षा चालवतो. ती सकाळी वॉर्डला, मी रात्री रस्त्यावर. दिवसा पोरगं माझ्याकडं. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांची इंजेक्शनं मीच नेऊन दिली. सिस्टरनं प्रत्येक वेळी विचारलं, “आई कुठंय?” म्हटलं, तुमच्यासारखीच इंजेक्शन द्यायला शिकतेय. त्या रात्री पोरगं तापतं, म्हणून पेपरच्या आदल्या दिवशी लस नको, एक-दोन दिवस मागंपुढं करून घ्या. झोपेचं विचारू नका.

जर्मनीहून, मास्टर्स

इथला मातृत्व संरक्षण कायदा 2018 पासून विद्यार्थिनींनाही लागू आहे: बाळंतपणाआधी सहा आठवडे, नंतर आठ. परीक्षा द्यायचीच असेल तर स्वतःहून देता येते, पण जबरदस्ती नाही. एक सेमिस्टर रजाही घेता येते. विद्यार्थ्यांच्या पाळणाघरात पोटात असतानाच नाव घालावं लागलं, इतकी रांग.

तुमचं वाचून मला हेवा वाटतोय खरं तर. आई आली, पण शेंगेन व्हिसावर 90 दिवस संपले की परत. ती गेली तेव्हा बाळ नुकतं कुशीवर वळायला लागलं होतं आणि माझी थीसिस तशीच पडून. इथे कायदा आहे, पण लिंबाखाली बसणारं कोणी नाही. नवऱ्यानं अर्धवेळ काम घेतलं तेव्हा कुठे लिहायला बसले.

इंजिनिअरिंग, अर्धवट

मी सोडलं. तिसऱ्या वर्षाला केटी (नापास झालेले विषय) राहिल्या, सबमिशनच्या आठवड्यात मुलगा न्यूमोनियानं दवाखान्यात, टर्म ग्रँट झाली नाही, म्हणजे परीक्षेलाच बसता येईना. सासरी, माहेरी दोन्हीकडे ठेवायला माणूस नव्हतं आणि पाळणाघराची फी कॉलेजच्या फीवर चढ. इथे सगळ्या पास झालेल्याच लिहितात, म्हणून लिहिलं.

आजी

सगळ्यांच्या लिहिण्यात ‘आईंनी सांभाळलं’ एका ओळीत उरकलंय. मी ती आई. सून लॉ करतेय, नातू वर्षाचा, माझे गुडघे साठीचे. सुनेनं शिकावं ही माझीच हौस, कारण मला मॅट्रिकनंतर कोणी बसू दिलं नाही. पण माझी भिशी सुटली, सकाळचं फिरणं सुटलं. मग मीही लेखी दिलं, वरच्या बाईंसारखंच, फ्रिजवर चिकटवून: दुपारी दोन ते चार मला झोप, नाचणीची खीर ज्यानं त्यानं करून ठेवायची, रविवार पूर्ण माझा. सुनेनं लगेच सही केली. लेक म्हणतो, परीक्षा संपू दे, मग बघू.