एका क्लिकवर बॅकग्राउंड निघतं, मग सिलेक्शन टूल कशाला शिकायची?

कडेकपारी

'बॅकग्राउंड काढायला आता एक बटण पुरतं, लॅसो आणि पेन टूल शिकण्यात वेळ घालवू नका' हा सल्ला फोटोशॉप शिकणाऱ्या नवशिक्यांना सर्रास दिला जातो. (लॅसोने हवा तो भाग हाताने घेरायचा, पेन टूलने अँकर पॉइंट म्हणजे बिंदू टाकून कड आखायची.) मला तो घातक वाटतो. का, ते एका खुर्चीवरून सांगतो.

वेताने विणलेली खुर्ची, मागे फिकट, जवळजवळ पांढरी भिंत. एका क्लिकवर कटआउट निघालं, पांढऱ्या पानावर ठेवलं तर झकास दिसलं. तेच गडद निळ्यावर ठेवलं आणि सगळं उघडं पडलं. विणीतली भोकं तशीच भरलेली होती. खुर्चीच्या आरपार निळं दिसायच्या जागी जुनी भिंत दिसत होती. मागच्या एका पायाचं टोक सावलीत होतं, ते भिंतीबरोबर गेलं. 400 टक्क्यांवर मोठं करून पाहिलं तर हाताच्या दांड्याला दोन-दोन पिक्सेलची फिकट किनार.

दुरुस्ती अशी केली: दांड्या आणि पाय पेन टूलने, कारण लाकडाची कड स्वच्छ असते आणि तिला मोजकेच अँकर पॉइंट पुरतात. पाठीचा विणलेला भाग आधी लॅसोने घेरला, मग मॅजिक वाँड (क्लिक केलेल्या रंगासारखे पिक्सेल उचलणारं टूल) 'इंटरसेक्ट'वर, म्हणजे दोन्ही सिलेक्शनमधला सामाईक भागच ठेवण्यावर ठेवून आणि 'कंटिग्युअस'ची, म्हणजे फक्त सलग रंग उचलण्याची खूण काढून एका भोकात क्लिक केलं. घेरलेल्या भागातली त्या रंगाची सगळी भोकं एकदम हाती आली. टॉलरन्स (रंगात किती फरक चालेल तो आकडा) 32 असताना वेताची उजळ बाजूही आत येत होती. 14 वर आणला तेव्हा जमलं. सगळं लेयर मास्कवर, म्हणजे भाग न खोडता फक्त लपवणाऱ्या पडद्यावर; मूळ फोटोला धक्का नाही. पंचवीस मिनिटं लागली.

ज्याला फक्त बटण येतं त्याने इथे काय केलं असतं? दुसरं बटण शोधलं असतं.

दोनशे_फोटो

साफ असहमत. तुमच्याकडे एक खुर्ची होती, माझ्याकडे एका खेपेला दोनशे फोटो येतात. पेन टूलने प्रत्येकी दहा मिनिटं धरली तरी तेहतीस तास झाले. बटणाने तेच काम अर्ध्या दिवसात उरकतं, आणि बहुतेक फोटोंना पुन्हा हात लावावा लागत नाही. डबे, बूट, पुस्तकं यांना विणीची भोकं नसतात.

शिवाय ही तक्रार नवी नाही. फोटोशॉप 1990 साली आलं तेव्हापासून त्यात मॅजिक वाँड आहे. एका क्लिकवर सलग रंग उचलणारं ते टूलही श्रम वाचवायलाच आलं. 2007 साली ब्रशसारखं फिरवायचं क्विक सिलेक्शन आलं, 2018 साली मुख्य वस्तू एका क्लिकवर उचलणारं सिलेक्ट सब्जेक्ट. प्रत्येक टप्प्यावर हाताचं काम कमी झालं. आपण वाँड वापरायचा, आणि पुढच्याने पुढचं टूल वापरलं की त्याला आळशी म्हणायचं, हे मला पटत नाही.

कडेकपारी

आळशी मी कुणालाच म्हटलेलं नाही. वाँडमध्ये आणि त्या बटणात फरक आहे, आणि माझं म्हणणं त्या फरकावरच उभं आहे. वाँड काय करतं ते मला सांगता येतं: मी क्लिक केलेल्या रंगाच्या जवळचे पिक्सेल उचल, किती जवळचे ते टॉलरन्स ठरवणार, 0 ते 255 मधला एक आकडा. चुकलं तर कुठला आकडा हलवायचा हे मला ठाऊक असतं. बटण मात्र 'ही खुर्ची' एवढंच ठरवून मोकळं होतं. भोकं का भरली, याचं उत्तर त्याच्या कुठल्याच स्लायडरमध्ये सापडत नाही.

अल्फा_वाहिनी

खुर्चीपुरतं कडेकपारी यांचं बरोबर आहे. पण केस घ्या. तिथे मी बटणाच्या बाजूने उभी आहे, आणि वेळ वाचतो म्हणून नव्हे.

मोकळे केस, मागे हिरवी झाडी. एक सुटी बट खूप मोठी करून पाहा. तिथे 'केस' आणि 'झाडी' असे वेगळे पिक्सेल नसतातच. केस पिक्सेलपेक्षा बारीक असतो, म्हणून एकाच पिक्सेलमध्ये थोडा केसाचा तपकिरी आणि थोडा पानांचा हिरवा मिसळलेला असतो. हिशोब असा: दिसणारा रंग = अल्फा × केसाचा रंग + (1 − अल्फा) × मागचा रंग. अल्फा म्हणजे त्या पिक्सेलमधला केसाचा वाटा, 0 ते 1. हाती काय असतं? त्या पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. शोधायचं काय? केसाच्या रंगाचे तीन, मागच्या रंगाचे तीन आणि अल्फा, म्हणजे सात. तीन समीकरणांतून सात अज्ञातं निघत नाहीत.

म्हणजे तिथे 'खरी कड' सापडायची वाटच पाहत नसते. तुम्ही करता तोही अंदाज, यंत्र करतं तोही अंदाज. केसांचे ढिगाने नमुने पाहून तयार झालेल्या मॉडेलचा अंदाज माझ्या ब्रशपेक्षा सरस निघतो, हे मी स्वतः शेजारी शेजारी ठेवून पाहिलंय. पेन टूलने कापलेले केस तर हेल्मेट घातल्यासारखे दिसतात.

कडेकपारी

केसांना पेन टूल लावू नये, हे मान्य. पण हाताचं काम म्हणजे फक्त पेन टूल नव्हे. काळे केस आणि उजळ भिंत असेल तर चॅनल, म्हणजे फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या वेगवेगळ्या करड्या प्रती, उघडून बघा. बऱ्याचदा निळ्या चॅनलमध्ये केस आणि भिंतीतला फरक सगळ्यात जास्त असतो. त्याची प्रत काढायची, लेव्हल्सने काळं आणखी काळं, पांढरं आणखी पांढरं करायचं, चेहऱ्याचा भाग ब्रशने भरून घ्यायचा, उलटं करून मास्क म्हणून वापरायचं. प्रत्येक बट तिच्या करड्या छटांसकट मिळते, कारण तो मास्क फोटोतूनच निघालेला असतो.

अल्फा_वाहिनी

भिंत उजळ असेल तर. मी झाडीबद्दल बोलतेय. तिथे तिन्ही चॅनलमध्ये पानं आणि केस एकमेकांत घुसलेले असतात, लेव्हल्स ओढल्या की बटांबरोबर पानांच्या सावल्याही काळ्या होतात. बरं, मास्क अचूक निघाला तरी प्रश्न संपत नाही. केसाच्या पिक्सेलमधला हिरवा रंग मास्कने जात नाही, तो लाल पानावर ठेवला की ओरडतो. तो वेगळा काढावा लागतो. 'डीकंटॅमिनेट कलर्स' हा पर्याय त्यासाठीच आहे.

उजेड_आधी

तुम्ही दोघंही फोटो काढून झाल्यानंतरचं भांडताय. अल्फा_वाहिनी यांनी सांगितलेली सात अज्ञातं कमी करता येतात. मागचा रंग आपण ठरवलेला असला की चारच उरतात. आणि तीच वस्तू न हलवता दोन वेगळ्या माहीत असलेल्या रंगांपुढे दोनदा टिपली तर सहा समीकरणं मिळतात, चार अज्ञातं सुटतात. अल्वी रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या संशोधकांनी 1996 साली हे मांडलं. काचेचा पेला, जाळीदार कापड, जिथे वाँडही हरतो आणि बटणही, तिथे ही रीत चालते. ट्रायपॉड आणि दोन रंगीत कागद, बस्स. वस्तू पार्श्वभूमीपासून चार हात पुढे ठेवली तर मागच्या रंगाची झाकही कडेवर पडत नाही.

दोनशे_फोटो

माझ्याकडे येणारे फोटो दुसऱ्यांनी काढलेले असतात. अर्धे चॅटवरून आलेले, दाबून लहान केलेले जेपेग. कडेला चौकोनी डाग पडलेले. तिथे दोन कागदांची गोष्ट कुणाला सांगू?

नवी_पाटी

मध्येच विचारतो, राग मानू नका. मी आजवर इरेझरने मागचा भाग खोडत आलोय. त्यात काय चूक? आणि खोडून सेव्ह केलं की पांढरं परत का येतं?

कडेकपारी

राग कसला, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. इरेझरने खोडलेलं फाइल बंद केल्यावर परत मिळत नाही. उद्या लक्षात आलं की कानाचा तुकडा गेलाय, तर मूळ फोटोपासून पुन्हा सुरुवात. लेयर मास्कवर काळ्या ब्रशने रंगवलं की भाग फक्त लपतो. पांढऱ्याने रंगवलं की परत येतो. करड्याने अर्धवट दिसतो. केसांना आणि धूसर कडांना तो करडाच लागतो. खुर्चीचा तो गेलेला पाय मी मास्कवर पांढरा ब्रश फिरवूनच परत आणला.

पांढरं परत येतं कारण तुम्ही जेपेगमध्ये सेव्ह करताय. जेपेगमध्ये पारदर्शकता नसते. पीएनजी घ्या, त्यात प्रत्येक पिक्सेलला पारदर्शकतेच्या 256 पायऱ्या मिळतात. जिफमध्ये पिक्सेल एक तर पूर्ण दिसतो, नाही तर अजिबात नाही, म्हणून कडा दातेरी होतात.

आता दोनशे_फोटो यांच्याकडे वळतो. अल्फा_वाहिनी यांनी माझं एक मत बदललं: झाडीपुढच्या केसांसाठी यापुढे मीही सुरुवात बटणाने करेन. पण एवढं करा. बटणाने काढलेल्या कटआउटच्या खाली एक गडद आणि एक भडक रंगाचा लेयर टाकून बघा. फक्त पांढऱ्यावर तपासू नका, पांढरं फिकट किनार लपवतं.

दोनशे_फोटो

केलं. मागच्या खेपेचे वीस कटआउट काळ्या लेयरवर टाकले. बूट आणि डबे स्वच्छ आहेत, तुम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा किती तरी बरे. तीन बॅगांच्या पट्ट्यांच्या आतली जागा मात्र भरलेली निघाली, अगदी तुमच्या विणीसारखी. त्या तिन्ही मी दुरुस्त करून परत पाठवणार आहे.

पेन टूल मी तरीही दोनशेंवर चालवणार नाही. काळा लेयर मात्र टेम्प्लेटमध्येच टाकून ठेवलाय. आणि त्या पट्ट्यांसाठी वाँड 'इंटरसेक्ट'वर कसा ठेवायचा, ते जरा सविस्तर लिहा. माझ्याकडे तो पर्याय दिसतोय, पण क्लिक केलं की आधीचं सिलेक्शनच जातंय.

कडेकपारी

वाँड निवडल्यावर वरच्या पट्टीत चार चौकोन दिसतील, त्यातला चौथा, दोन चौकोन एकमेकांवर आलेला. आधी लॅसोने पट्टी आणि आतली जागा सैल घेरा, मग तो चौथा चौकोन दाबा, आणि क्लिक लॅसोने घेरलेल्या भागाच्या आतच करा. क्लिक केलेला रंग त्या घेराच्या आत कुठेच नसेल तर काहीच उरत नाही; तुमचं बहुधा तेच होतंय.