टॉक ऐकून शब्द पाठ होतात, पण कॉलवर तोंडात येत नाहीत. काय करू?

हिंगणा_रोड

नमस्कार मंडळी. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. शाळा मराठी माध्यमाची, पुढे पॉलिटेक्निक. ड्रॉइंग वाचणं, रिपोर्ट भरणं, ईमेल टाकणं यात अडत नाही. अडतं ते कस्टमरच्या कॉलवर. पलीकडे जर्मन साहेब. त्याचंही इंग्रजी काही फार भारी नाही, पण गडी थांबत नाही. आणि माझी गाडी 'सर, वी आर चेकिंग'च्या पुढे सरकत नाही.

दोस्तांनी सांगितलं, टेड टॉक ऐक, म्हणजे टेडच्या साइटवरची छोटी इंग्रजी भाषणं. ऐकून राहिलो. प्रजापती नगरला मेट्रोत बसलो की लोकमान्य नगर येईपर्यंत एक टॉक आरामात होतो. अवघड शब्द आला की वहीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. रेझिलियन्स, सेरेन्डिपिटी, युबिक्विटस, पॅराडाइम. कोणताही विचारा, अर्थ सांगतो. पण यातला एक तरी शब्द कॉलवर कामी आला असेल तर शपथ!

दुसरी भानगड म्हणजे छापलेला शब्द ओळखीचा असतो, पण कानावर पडला की निसटतो. फोटोग्राफी हा काय अवघड शब्द आहे का? पण एक बाई 'फटॉग्रफी' म्हणाल्या आणि मी पुढची दोन वाक्यं हुकलो.

तर वही बंद करू का? सबटायटल मराठी लावू की इंग्रजी? स्पीड कमी करून ऐकलं तर चालतं का? फक्त क्लास लावा म्हणू नका. माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते.

तर्री_जास्त

भाऊ, सेरेन्डिपिटी जर्मन साहेबाले ऐकवू नको, तो ऑर्डर कॅन्सल करन! 😄

गंमत सोड. वही बंद कर आणि अँकी टाक फोनवर, कार्डं दाखवून पाठांतर करून घेणारं अ‍ॅप आहे. अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे लागतात. कार्डावर सुटा शब्द लिहायचा नाही, टॉकमधलं अख्खं वाक्य टाकायचं आणि जमलं तर त्याचा आवाजही. आठवलं तर कार्ड काही दिवसांनी येतं, मग आणखी जास्त दिवसांनी, नाही आठवलं तर लगेच डोक्यावर बसतं. मी स्पर्धा परीक्षेला हेच केलं. कार्डं मात्र स्वतः बनव. दुसऱ्याने बनवलेली हजारोंची गठ्ठी उतरवून घेतली की आठवड्यात कंटाळा येते.

धरमपेठच्या_बाई

हिंगणा रोड, मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, आता निवृत्त आहे. संध्याकाळी तुमच्यासारखी नोकरीवाली मुलं येतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमची स्मरणशक्ती ठणठणीत आहे. गोची शब्द निवडण्यात आहे. टॉक ऐकताना माणूस भारदस्त शब्दाला हात घालतो, कारण तो उठून दिसतो. पण बोलणारा काम चालवत असतो ते लहान क्रियापदांवर. लुक इनटू, रूल आउट, नॅरो डाउन, एन्ड अप, टर्न आउट. हे सगळे सुटे शब्द तुम्हाला पाचवीपासून माहीत आहेत, म्हणून वहीत एकही गेला नसेल. आणि कॉलवर नेमके हेच लागतात.

कॉलवर तुम्हाला काय म्हणायचं असतं ते मराठीत लिहून पाठवा, मग दाखवते.

तोवर बाकीच्या प्रश्नांचं. 'फटॉग्रफी' हुकली कारण इंग्रजीत शब्दाच्या एका भागावर जोर असतो आणि बाकीचे स्वर जवळजवळ गिळले जातात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या भागावर, 'फोटोग्राफी'त तो दुसऱ्यावर सरकतो, म्हणून पहिला 'फो' नुसता 'फ' उरतो. 'इकॉनॉमी' आणि 'इकॉनॉमिक'चंही तसंच. आपण मराठीत प्रत्येक अक्षर स्वच्छ म्हणतो, त्यामुळे कान प्रत्येक अक्षराची वाट बघत बसतो. शब्द नवा भेटला की जोर कुठे आहे ते ऐकून त्या भागाखाली रेघ मारा. अर्थ नंतर लिहिला तरी चालेल.

सबटायटल मराठी अजिबात नको. डोळे मराठी वाचतात आणि कान सुट्टीवर जातात. इंग्रजी लावा, पण तीही दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्याला. स्पीड पाऊणपट केला तर बिघडत नाही, मात्र शेवटचं ऐकणं मूळ वेगातच हवं. यंत्राने सावकाश केलेल्या आवाजात चिकटलेले शब्द नुसते ताणले जातात, सुटे होत नाहीत.

आणि अख्खा टॉक घेऊ नका हो. टेडचा टॉक जास्तीत जास्त 18 मिनिटांचा ठेवतात, एवढंही शिकायला फार आहे. त्यातली तीन मिनिटं घ्या. आधी नुसतं ऐका. मग वाक्यावाक्याला थांबवून जे ऐकू आलं ते कागदावर उतरवा, अगदी मराठी अक्षरांत उतरवलं तरी चालेल. मग टेडच्या साइटवर टॉकचा लेखी मजकूर असतो, तो उघडा आणि ताडून पाहा. त्यातल्या वाक्यावर बोट ठेवलं की टॉक तिथूनच सुरू होतो, मोठी सोय आहे. कागदावर जिथे खड्डा पडला असेल, अभ्यास तिथे आहे. माझ्याकडच्या एका मुलाने 'शुडव्ह' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. ते 'शुड हॅव' होतं. दोन्ही शब्द त्याला येत होतेच, जोडून कधी ऐकले नव्हते.

टॉक आपल्या आवाक्यातला आहे का, हे पहिल्या मिनिटाला कळतं. एका मिनिटात साधारण दीडशे शब्द होतात. त्यात तीन-चार अनोळखी असले तर ठीक, दहा-पंधरा असले तर तो टॉक आज सोडा. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांचा 2006 सालचा हिशोब आहे की बोललेल्या इंग्रजीतले शंभरातले 98 शब्द ओळखायला सहा-सात हजार शब्दकुळं लागतात. एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक कूळ. आकड्याला घाबरू नका, पॉलिटेक्निक केलेल्या माणसाकडे त्यातली बरीच असतात.

हिंगणा_रोड

बाई, मनापासून आभार. हे घ्या, मागच्या आठवड्याच्या कॉलवर मला हे म्हणायचं होतं:

'दोष कुठून येतो ते शोधत शोधत आम्ही दोन मशीनपर्यंत आलोय. टूल घासल्यामुळे होतंय का ते तपासलं, तसं नाही. शुक्रवारपर्यंत पक्कं सांगतो.'

प्रत्यक्षात म्हणालो, 'सर, टू मशीन प्रॉब्लेम. टूल ओके. फ्रायडे.' त्याला कळलं, पण पुढचा अर्धा तास तो माझ्याऐवजी आमच्या मॅनेजरशीच बोलला.

धरमपेठच्या_बाई

'वी हॅव नॅरोड इट डाउन टू टू मशीन्स. वी हॅव रूल्ड आउट टूल वेअर. वी विल गेट बॅक टू यू बाय फ्रायडे.'

बघा, यात वहीत लिहावासा वाटेल असा एक तरी शब्द आहे का? टूल वेअर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. हवं होतं ते नॅरो डाउन, रूल आउट, गेट बॅक. सुटा शब्द म्हणजे बोल्टशिवाय नट, कशालाच बसत नाही. वही चालू ठेवा, पण डावीकडे तुमचं मराठी वाक्य आणि उजवीकडे टॉकमधून सापडलेलं इंग्रजी वाक्य. म्हणजे उलटी वही. मग बोलणाऱ्याच्या पाठोपाठ त्याच्याच चालीत मोठ्याने म्हणायचं. मेट्रोत नको, लोक बघतात.

आणि विषय बदलत बसू नका. आज मेंदू, उद्या मधमाश्या, परवा मंगळ केलं तर शब्द पुन्हा भेटतच नाहीत. कारखाने, अपघात, चुका कशा शोधल्या, अशा एकाच अंगाचे चार-पाच टॉक ओळीने ऐका. तोच शब्द वेगळ्या तोंडून पुन्हा आला की आपोआप बसतो.

बर्डीवाला

बाईंचं सगळं मान्य, फक्त एक सांगू का? टेडवाले पाठ करून, तालीम करून बोलतात. कॉलवर कोणी तालीम करून येत नाही. मी सीताबर्डीला शेअर ब्रोकरच्या ऑफिसात असतो, तर माझा उपाय ऐका.

शेअर बाजारात लिस्टेड असलेल्या बऱ्याच कंपन्या दर तिमाहीला निकालानंतर विश्लेषकांशी कॉल घेतात. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमाप्रमाणे अशा कॉलचं रेकॉर्डिंग आणि लेखी मजकूर दोन्ही कंपनीच्या वेबसाइटवर टाकावे लागतात. एप्रिल 2022 पासून ते बंधनकारक आहे आणि लेखी मजकूर पाच कामकाजी दिवसांत यावा लागतो. म्हणजे आवाज फुकट, मजकूर फुकट. तू ऑटो पार्ट्सवाल्या कंपनीचाच कॉल लाव. सुरुवातीचं भाषण सोडून दे, ते वाचूनच दाखवतात. प्रश्नोत्तरांपासून ऐक. समोरचा अडचणीचा प्रश्न विचारतो आणि साहेब लोक कसे सटकतात! 'वी आर वर्किंग ऑन इट', 'इट्स टू अर्ली टू से', 'लेट मी कम बॅक टू यू ऑन दॅट'. उच्चार आपलेच, भारतीय. जर्मनासमोर बोलायला बीबीसीचा थाट कशाला पाहिजे?

धरमपेठच्या_बाई

हे मला ठाऊक नव्हतं, उद्याच मुलांना सांगते. एक सावधगिरी मात्र: अशा मजकुरात अडखळणं, अर्धवट वाक्यं बरीचशी साफ केलेली असू शकतात. शब्दाला शब्द जुळला नाही तर कान खराब आहे असं समजू नका. आणि 'टू अर्ली टू से' दर कॉलला वापरू नका, मॅनेजर ओळखतील.

हिंगणा_रोड

बर्डीवाले भाऊ, एक कॉल उतरवून घेतला. प्रश्नोत्तरांत एकाने डाय कास्टिंगच्या रिजेक्शनबद्दल विचारलंय, म्हणजे आमचंच दुखणं! साहेबाचं उत्तर मजकूर न बघता लिहायला घेतलं, तर एका ठिकाणी 'वी हॅव टेकन _____ स्टेप्स' एवढंच सापडतंय. 'क' ने सुरू होतं, 'करेक्टिव्ह' नक्की नाही, तो शब्द तर मी झोपेत ओळखतो. मजकूर अजून उघडला नाही. रात्री पुन्हा ऐकतो. कोणाला अंदाज?

तर्री_जास्त

कॉन्क्रीट, म्हणजे ठोस. लाव पैज, तर्री पोहे.