मदत हवी आहे : स्नूकरच्या ड्रॉमध्ये सीडिंग (मानांकन) कसं लावू?

मंडळी, दादरच्या आमच्या क्लबात ३२ जणांची स्पर्धा आहे आणि ड्रॉचं काम माझ्या गळ्यात पडलंय. व्यावसायिकांची क्रमवारी दोन वर्षांत रँकिंग स्पर्धांमध्ये कमावलेल्या बक्षिसाच्या रकमेवर ठरते, मास्टर्स या निमंत्रितांच्या स्पर्धेचे पैसे त्यात धरत नाहीत, इतपत ठाऊक आहे. पण आमच्याकडे बक्षीस म्हणजे ढाल आणि वडापाव! मग कशावर लावू?

त्यात गेल्या वर्षीचा विजेता पहिल्या सीडसाठी अडून बसलाय. वर्षभर क्यूला खडूसुद्धा लावला नाही पठ्ठ्याने. म्हणतो, जागतिक स्पर्धेत गतविजेत्यालाच पहिलं सीडिंग देतात. खरंय ते. २०२४ ला लुका ब्रेसेलला दिलं होतं, पहिल्याच फेरीत गारद झाला ती गोष्ट वेगळी.

कुणी असा ड्रॉ काढलाय का? रविवारपर्यंत यादी फळ्यावर लावायचीय.