देव मानत नाही, पण हरिपाठ सुटत नाही

कोथरूडकरीण:
आई गेल्यावर तिचे टाळ माळ्यावर टाकवेनात, म्हणून एका संध्याकाळी सहज घेऊन बसले. त्याला तीन वर्षं झाली. आता सात वाजले की हात आपोआप तिकडे जातो. 'देवाचिये द्वारी' म्हणताना त्या दारात मला आई दिसते, देव काही दिसत नाही. विठ्ठल आहे असं मला कधी वाटलंच नाही, अजूनही वाटत नाही. गेल्या आषाढीला एका दिंडीबरोबर पुणे ते सासवड चालले. दिवे घाटात ज्ञानोबा-तुकाराम सुरू झालं आणि चक्क रडू आलं. आता विणेकरी काका विचारतात, "माउली, माळ कधी घालताय?" मी नास्तिक, वर पापलेट खाणारी. हे ढोंग होतंय का माझं?

तिरकस:
चालायचंच आहे तर तळजाईची टेकडी आहे की! फुकटात.

शंकेखोर:
तिरकसराव, चहा घ्या.
ताई, पातंजल योगसूत्रांत समाधिपादातलं २३वं सूत्र बघा : 'ईश्वरप्रणिधानाद्वा'. सगळी गंमत त्या 'वा'मध्ये, म्हणजे 'किंवा'मध्ये आहे. ईश्वराला शरण जाणं हा तिथे एक पर्याय आहे, सक्ती नाही. भक्तीत मात्र हा 'वा' चालत नाही, तिथे समोर कुणीतरी लागतंच. काही जण गीतेचा बारावा अध्याय पुढे करतात, पण तिथला अव्यक्ताचा, म्हणजे निराकाराचा उपासकही नास्तिक नाही. उगाच ओढूनताणून स्वतःला त्यात बसवू नका. त्यापेक्षा तुकोबा जवळचे वाटतील : 'आहे ऐसा देव वदवावी वाणी । नाही ऐसा मनी अनुभवावा ॥' अर्थात तुकोबांचं 'नाही' आणि तुमचं 'नाही' एकच, असं मी म्हणणार नाही.

मंगळवेढेकर:
आमच्या घरात चार पिढ्या वारी आहे. माळ म्हणजे नियम. मांस-मद्य बंद, एकादशी, पंढरीची वारी. पापलेट सुटणार नसेल तर घालू नका, घालून खाल्लंत तर ते ढोंग. बिनमाळेचे चालतातच की दिंडीत. रडू आलं त्याचा हिशोब कुणी मागत नाही.

कोथरूडकरीण:
काकांना काल खरं ते सांगून टाकलं. म्हणाले, "बरं माउली. यंदाची भिशी भरलीत का?" दिंडीतल्या जेवणाची वर्गणी हो. भरली. आईच्या टाळांची दोरी पार काळी पडून विरलीय, तेवढी निघायच्या आत बदलायची आहे. सुती घालू की नायलॉनची?