‘नॉकआउट’ उंदीर: लोपित, बाद की निकामी?

खाडीकाठची (ठाणे): दिवाळी अंकासाठी पहिल्या प्रकारच्या मधुमेहावरचा लेख मराठीत करतेय. ‘नॉकआउट माउस’, म्हणजे एखादं जनुक मुद्दाम बंद केलेला उंदीर, पानोपानी. मी ‘जनुकवंचित उंदीर’ लिहिलं, संपादकांनी त्याचं ‘जनुकहीन’ केलं. हजारो जनुकांतलं एखादंच बंद असतं हो! काय वापरू?

नौपाडा_तात्या: ‘लोपित’. व्याकरणात अकाराचा लोप होतो, तसा इथे जनुकाचा. शुद्ध शब्द हाताशी आहे.

पारसिक: तात्या, ‘लोपित उंदीर’ मोठ्याने म्हणून बघा. ‘जनुक-बाद’ म्हणा. गडी बाद होतो, मत बाद होतं.

नौपाडा_तात्या: ‘बाद’ अरबी-फारसी.

पारसिक: ‘शाई’ आणि ‘कागद’ही. लेख भूर्जपत्रावर लिहायचा का?

घोडबंदरकर: कबड्डीत बाद झालेला गडी परत आत येतो. जनुक येतं का?

खारघरचा_भुसा: प्रयोगशाळेच्या उंदीरघरात कामाला होतो. आम्ही नॉकआउटला सरळ ‘केओ’ म्हणायचो, ‘केओचे पिंजरे बदलले का?’ लोपित, बाद दोन्हींतून वाटतं की अख्खं जनुक कापून नेलं. बरेचदा त्याचा तुकडा काढून मध्ये भलतंच काही घुसडतात आणि ते कामातून जातं. म्हणून ‘निकामी’.

कुठे निकामी, तेही लिहावं लागतं. इन्सुलिनचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं इन्सुलिन पकडणारं प्रथिन, सगळ्या शरीरात बंद केला तर पिल्लं जन्मल्यावर काही दिवसांत मरतात. मग चयापचयाचा अभ्यास कशावर करणार? म्हणून फक्त यकृतात किंवा फक्त स्नायूत बंद करतात.

आणि ताई, लेखात ‘नॉड’ उंदीर असतील तर ते नॉकआउट नव्हेत. तो जपानात निपजलेला वाण, मधुमेह आपसूक होतो, माद्यांना जास्त. त्यांच्यात मग एकेक जनुक निकामी करून बघतात. उंदराला इन्सुलिनची दोन जनुकं. नॉडमध्ये पहिलं निकामी केलं तर बहुतेक मधुमेहापासून वाचतात, दुसरं केलं तर मधुमेह उलट लवकर होतो. दुसऱ्याचं इन्सुलिन छातीतल्या थायमस ग्रंथीतही बनतं, तिथे टी पेशींना, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींना, ‘हे आपलंच’ अशी ओळख होते. ती हुकली की त्या स्वादुपिंडावर तुटून पडतात.

खाडीकाठची: म्हणजे ‘स्वयंप्रतिकार’. पण प्रतिकार स्वतः केलेला की स्वतःविरुद्ध?

घोडबंदरकर: ‘घरभेदी मधुमेह’!

नौपाडा_तात्या: थट्टा पुरे. ‘आत्मप्रतिकार’. आणि मधुमेहातला ‘मेह’ म्हणजे पाऊस.

पारसिक: तो हिंदीतला. आयुर्वेदात मेह म्हणजे लघवी, वीस प्रमेहांत मधुमेह एक.

नौपाडा_तात्या: धातू एकच, मिह्. मेघही त्यातलाच.

खारघरचा_भुसा: धातू कुठलाही असो. मधुमेही उंदराच्या पिंजऱ्यातला भुसा सकाळी चिंब असतो. आधी तो दिसायचा, मग पट्टीने साखर बघायची.

खाडीकाठची: शुक्रवारी लेख द्यायचाय. ‘निकामी-जनुक उंदीर’ चालेल?

पारसिक: माउस उंदीर, मग रॅटला काय म्हणणार? आमच्या सोसायटीत गटारातून येते ती घूस?

नौपाडा_तात्या: घूस म्हणजे बँडिकूट. तो इंग्रजी शब्द तेलुगू ‘पंदिकोक्कु’वरून, डुक्कर-उंदीर.

घोडबंदरकर: आणि नर घुशीला?

नौपाडा_तात्या: ‘ती घूस’च. नर असला तरी.

पारसिक: आमच्याकडे ‘घूस आला’ म्हणतात.

नौपाडा_तात्या: कुठल्या गावचे तुम्ही?