मदत हवी आहे: माळकरी आईला मात्सुनोयामाच्या ओनसेनला (गरम पाण्याच्या झऱ्यावर) न्यायचं आहे (निइगाता, जपान)

नमस्कार. आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो. १० मेला आई पहिल्यांदाच जपानला येतेय, मिरगाच्या आधी परत जाणार आहे. वय ७१. आमचं गाव दापोली तालुक्यात. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत भातशेतीतलं एकही काम तिने केलं नाही असं नाही. दोन वर्षांपूर्वी गुडघे फार दुखायला लागले, तेव्हा खाचरं अर्धेलीने दिली. त्या पावसाळ्यात ती लावणीच्या दिवसांत बांधावर नुसती बसून असायची, ते मला अजून आठवतं. तोक्योत काय काय बघायचं याची यादी मी फोनवर वाचून दाखवली, तर म्हणाली, "ते सगळं ठीक. पण तिथली माणसंही भातच खातात ना? मग त्यांची शेतं दाखव."

तेव्हापासून शोधाशोध चालू आहे. निइगाता प्रांतात तोकामाची शहराच्या हद्दीत मात्सुनोयामा नावाचं डोंगरातलं छोटं ओनसेन-गाव आहे, तिथे दोन रात्री राहावं असं मनात आहे. हा भाग उओनुमाच्या शेजारचा, म्हणजे कोशिहिकारी तांदळाचा मुलूख. जवळच्या होशितोगेला डोंगरउतारावर लहानमोठी सुमारे २०० खाचरं आहेत. बर्फ वितळलं की ती पाण्याने भरतात आणि लावणी होईपर्यंत त्यांत आभाळ दिसतं. आपल्याकडे जे काम पाऊस करतो ते तिथे बर्फ करतं. हिवाळ्यात तीन मीटर बर्फ साचणंही नवलाचं नाही.

गरम पाण्याचं म्हणाल तर कुसात्सु आणि आरिमाबरोबर मात्सुनोयामाचं नाव जपानच्या तीन मोठ्या औषधी झऱ्यांत घेतात. पाणी चक्क खारट. एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी जमिनीखाली अडकलेलं समुद्राचं पाणी वर येतं असं तिथे सांगतात. झऱ्यापाशी ते नव्वद अंशांच्या घरात असतं. आईचं माहेर उन्हवऱ्याजवळ. लहानपणी तिची आजी सांधे दुखायला लागले की कुंडावर जायची आणि हिला बरोबर न्यायची. गंधकाचा तो वास तिला अजून आवडतो, त्यामुळे गरम पाण्याचं आकर्षण आहे.

अडचण कपड्यांची आहे. ओनसेनमध्ये काहीही न घालता उतरायचं असतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. बायकांचं वेगळं असलं तरी आई आयुष्यात कधी परक्या बाईसमोरसुद्धा अशी गेलेली नाही. उन्हवऱ्याला सगळ्याजणी लुगडं नेसूनच उतरायच्या. तिला अवघडल्यासारखं झालेलं मला अजिबात नको आहे, आणि इतक्या लांब येऊन तिने पाण्याला पाय न लावता परत जावं हेही नको. सुती गाऊन घालून उतरू देतात का? कुटुंबापुरती वेगळी खोली मिळते म्हणतात, ती आधी सांगून ठेवावी लागते की तिथे गेल्यावर?

दुसरं जेवण. आई माळकरी आहे. मासे-मटण नाही, अंडंही नाही. र्योकानच्या (जपानी पद्धतीच्या पारंपरिक निवासाच्या) जेवणात मासा असतोच आणि भाजीच्या रश्शातही वाळवलेल्या बोनिटो माशाचं दाशी (उकळून काढलेलं सार) असतं, हे आम्ही इथे तीन वर्षांत शिकलो. पण खेड्यातल्या लोकांना हे नीट कसं कळवायचं? माझं जपानी कामापुरतं आहे.

तिसरं, तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांना विचारणारच आहे, पण वयस्कर माणसांना नेलेल्यांचा अनुभव हवा आहे. जमिनीवरच्या गादीवरून तिला उठता येत नाही, त्याचं काय करता?

प्रवास मला असा दिसतो: तोक्योहून जोएत्सु शिनकानसेनने एचिगो-युझावा, तिथून होकुहोकु लाइनने मात्सुदाई, पुढे बस. यात काही चुकत असेल तर सांगा. गाडी चालवायचा परवाना आमच्याकडे नाही.

प्रतिसाद

ताई, मी नागाओकाला पाच वर्षं होते आणि सासूबाईंना मात्सुनोयामाला घेऊन गेले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

गाऊन चालत नाही. आधी बाहेर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं आणि मगच पाण्यात उतरायचं, कारण ते पाणी सगळ्यांचं असतं. हातातला छोटा टॉवेलही पाण्यात बुडवत नाहीत, डोक्यावर घडी करून ठेवतात. वेगळ्या खोलीला 'काशिकिरी-बुरो' म्हणतात. प्रत्येक र्योकानमध्ये ती नसते, म्हणून खोली राखून ठेवतानाच विचारा. धुवायला बसायची स्टुलं फार बुटकी असतात. गुडघ्यांसाठी उंच खुर्ची मिळेल का तेही त्याच वेळी विचारून घ्या. पलंगाची खोलीही मागा.

माझं ऐकाल तर आईंना आत्ताच सगळं सांगा. सासूबाईंना मी तिथे गेल्यावर सांगितलं, ती माझी चूक. त्या रागावल्या नाहीत, पण संध्याकाळभर गप्प होत्या. पहाटे पाचला कोणी नसताना आम्ही दोघीच गेलो. थोड्या वेळाने ऐंशीच्या पुढची एक आजी आली, वाकून नमस्कार केला आणि स्वतःच्या गुडघ्याकडे बोट दाखवून हसली. सासूबाईंनीही आपला गुडघा दाखवला. त्यानंतर त्या माझ्याशिवायही जायला लागल्या.

रक्तदाब असेल तर या खारट पाण्याला जपा. बाहेर आल्यावरही अंग बराच वेळ तापलेलं राहतं. पहिल्यांदा तीन-चार मिनिटं, तेही कमरेपर्यंतच. जेवून लगेच नको, आणि आधी-नंतर पाणी पाजा. उठताना हात धरा, फरशी निसरडी असते. युकाता (तिथला सुती झगा) घालताना डावी बाजू वर यायला हवी, उलटं फक्त मृतदेहाला नेसवतात.

जेवणासाठी हे आठवडाभर आधी कळवा: "निकु, साकाना, तामागो, कात्सुओ-दाशी वा ताबेरारेमासेन. कोन्बु तो शिइताके नो दाशी वा दाइज्योबु देसु." म्हणजे मांस, मासे, अंडं, बोनिटोचं दाशी खाता येत नाही; कोन्बु (समुद्री शेवाळ) आणि शिइताके (अळंबी) यांचं दाशी चालेल. नुसतं 'शाकाहारी' म्हणालात तर माशाचं दाशी येणारच. मिसो सूपमध्येही ते असतं आणि तेम्पुराच्या पिठात बहुधा अंडं. झऱ्याच्या उष्णतेवर हळूहळू शिजवलेलं डुकराचं मांस ही तिथली खासियत आहे, त्यामुळे ते नको हे स्पष्ट सांगा. मे महिन्यात रानभाज्या भरपूर असतात, वाराबी आणि कोगोमी हे नेच्याचे कोवळे कोंब आईंना ओळखीचे वाटतील. मेतकूट, तूप आणि लोणचं बरोबर ठेवा. कोशिहिकारीचा गरम भात आणि मेतकूट एवढ्यावर सासूबाई दोन दिवस आनंदात होत्या.

प्रवास बरोबर आहे. होकुहोकु लाइन जेआर या मोठ्या रेल्वे कंपनीची नाही, तिचं तिकीट वेगळं पडतं. बस मोजक्याच आहेत, म्हणून मात्सुदाईहून न्यायला गाडी येईल का ते र्योकानला विचारा. होशितोगेला टॅक्सीच करा. शेतं खाजगी आहेत, बांधावर कोणी उतरू नये अशी गावाची विनंती असते. मात्सुदाई स्टेशनसमोर उतारावरच्या शेतांत काबाकोव्ह या कलाकार दांपत्याने २००० साली उभी केलेली शेतकऱ्यांची निळी-पिवळी शिल्पं आहेत, नांगरणीपासून शहरात विकायला नेण्यापर्यंत. ती आईंना समजावून सांगावी लागणार नाहीत.

धागाकर्ती

तुमचे फार आभार. काल रात्रीच आईला फोन करून सगळं सांगितलं. थोडा वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "त्या बायका पण म्हाताऱ्या असतात ना?" हो म्हटल्यावर "बघू" म्हणाली. आईचं 'बघू' म्हणजे नकार नसतो. काशिकिरी असलेलं र्योकान शोधतेच आहे, ती तयार झाली नाही तर तेवढं तरी होईल.

आता मे अखेरीच्या तारखा धरतेय, म्हणजे लावणी चालू असेल. तिने आणखी एक विचारलं: तिथे लावणीला गाणी म्हणतात का? यंत्रं आली तरी जुनी 'ताउए-उता' आहेत एवढं मला माहीत आहे. हिरोशिमा प्रांतातल्या मिबुच्या लावणीच्या उत्सवाला तर २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. पण तो जूनच्या पहिल्या रविवारी असतो आणि फार लांब पडतो. मात्सुदाईच्या आसपास अजूनही हाताने लावणी करणारं कोणी आहे का? आईला चिखलात उतरता येणार नाही, पण बांधाबाहेर खुर्ची टाकून तासभर बसू देतील असं एखादं घर कोणाच्या ओळखीत असेल तर कृपया मला निरोप पाठवा.