लहानपणी पाहिलेली मेडुसा: दहा वर्षांच्या मुलीला पूर्ण चित्रपट दाखवू का?

डिचोलीकरीण

नमस्कार मंडळी. ग्रीक पुराणकथेवरचा १९८१ सालचा चित्रपट ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ कोणाकोणाच्या लक्षात आहे?

मी तो पहिल्यांदा पाहिला डिचोलीत, चवथीच्या रात्री, शेजारच्यांच्या साळ्यात, म्हणजे दिवाणखान्यात. त्यांचे थोरले काका तार्वटी, म्हणजे बोटीवर कामाला, त्यांनीच व्हीसीआर आणलेला. वर गणपतीच्या माटोळीला सुपाऱ्यांचे घोस, खाली चटईवर आम्ही पंधरावीस पोरं, मध्ये नेवऱ्यांची परात. कॅसेट भाड्याची होती आणि डोक्यावर केसांऐवजी साप असलेल्या, नजरेने माणसाचा दगड करणाऱ्या मेडुसाच्या बरोबर प्रसंगालाच पडद्यावर पांढऱ्या रेघा यायच्या. काका म्हणाले, लोकांनी तेवढाच भाग मागे नेऊन नेऊन पाहिलाय, टेप झिजलीय. त्या रात्री मी आईचा हात धरून झोपले.

गेल्या आठवड्यात तो पुन्हा पाहिला. पहिला तासभर फार जड गेला. लॉरेन्स ऑलिव्हिए, मॅगी स्मिथ अशी माणसं देव म्हणून पांढऱ्या कपड्यांत उभी आहेत आणि त्यांना बोलण्यापलीकडे काही कामच नाही. नायक पर्सियसला तलवार, ढाल, शिरस्त्राण सगळं आयतं मिळतं. राजकन्या अँड्रोमेडा शेवटी खडकाला बांधलेली. ते यांत्रिक घुबड मला लहानपणी हवंहवंसं वाटायचं, आता त्याच्या शिट्ट्या सोसवेनात.

आणि मग ते मेडुसाचं देऊळ आलं. अंधार, जाळाचा हलता उजेड, आधी नुसता शेपटीचा खुळखुळा ऐकू येतो. मग ती दिसते, दोन्ही हातांवर भार देत अंग ओढत येणारी. मी उशी छातीशी धरून बसले होते. पंचेचाळिशी आली तरी तीच धडधड.

तर प्रश्न असा: लेकीला सगळा चित्रपट दाखवू की तेवढाच भाग? शिवाय एक गोष्ट मला टोचते. रोमन कवी ओव्हिड सांगतो ती मेडुसा मुळात अन्याय झालेली बाई आहे. देवळात समुद्रदेवाने तिच्यावर जबरदस्ती केली आणि शाप मात्र तिलाच मिळाला. हे पोरीला कसं सांगायचं?

म्हापशाचा नरकासुरवाला

ताई, सगळा दाखवा. मी बारा वर्षं वाड्यावरचा नरकासुर करतोय, म्हणून सांगतो. लाकूड-बांबूचा सांगाडा, आत सुकं गवत, वर खळीने चिकटवलेले कागद. कागदाचा थर सुकल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही, नाहीतर तोंड वाकडं होतं. रात्र रात्र जागून केलेला तो असुर पहाटे आपणच जाळतो.

या चित्रपटातल्या बाहुल्या हलवणाऱ्या रे हॅरीहाऊसेनचं काम मला त्याच जातीचं वाटतं. आत सांध्यांचा धातूचा सांगाडा, वरून रबर. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशी २४ चित्रं. आता मेडुसाच्या डोक्यावरचे साप आठवा: प्रत्येक चित्रासाठी एकेक साप वेगळा हलवायचा, आणि कोणता कुठे चालला होता तेही ध्यानात ठेवायचं! १९६३ च्या ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’मधल्या सात सांगाड्यांच्या लढाईला त्याला साडेचार महिने लागले होते. ‘क्लॅश’ हा त्याचा शेवटचा पूर्ण लांबीचा चित्रपट.

मेडुसाच्या चालीत जो किंचित अडखळा आहे ना, त्याचीच मला भीती वाटते. सरळ सरकत आली असती तर साप वाटली असती. ती तशी येत नाही, म्हणून अंगावर येते.

वाचनवेडा, फोंडा

पुराणकथा जशीच्या तशी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. समुद्रराक्षस क्राकेन ग्रीक नव्हेच, तो उत्तरेकडच्या नॉर्स दर्यावर्दींच्या गोष्टींतला. पंख असलेला पेगॅसस मूळ कथेत मेडुसाच्या कापलेल्या मानेतून जन्मतो. इथे पर्सियस त्याला आधीच पकडतो. खलनायक कॅलिबॉस तर चित्रपटासाठीच रचलेला. पण गोष्ट सांगणारा प्रत्येक जण ती थोडी बदलतोच. आमच्याकडे काल्याला दशावतारात दर वर्षी तेच आख्यान नव्या बोलीने यायचं, आणि तरी आम्ही पुढची जागा धरायला धावायचो.

पर्सियसबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मेडुसाच्या देवळात खांबाआड उभा राहतो तेव्हा त्याच्या कपाळावरचा घाम पाहा. तिथे तो खरोखर घाबरलेला आहे. तेवढ्यासाठी मी त्याला आधीचं सगळं माफ करतो.

मेडुसाचं दुःख लेकीला आधी सांगू नका. बघू दे, मग तीच विचारील.

सत्तरीची आजी

दिवसा दाखव गे बाय, रात्री नको. आणि मधून उठून जाऊ नकोस.

डिचोलीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दुपारी दोघींनी मिळून पूर्ण पाहिला, बाहेर धो धो पाऊस. देवांच्या बोलण्याला ती कंटाळली, घुबड तिला मनापासून आवडलं. मेडुसा आली तशी माझ्या मांडीवर सरकली, पण डोळे मिटले नाहीत. मान उडाल्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “आई, ती तर स्वतःच्याच घरात होती. हेच तिच्याकडे गेले ना?” मग मी तिला ती देवळातली गोष्ट सांगितली, तिच्या वयाला झेपेल एवढीच: त्या देवाने तिला त्रास दिला आणि शिक्षा तिलाच झाली. तिने मध्येच थांबवून विचारलं, “आणि देवाला काय झालं?” काही नाही, म्हटलं.

म्हापशाच्या दादांचं पोस्ट मी तिला वाचून दाखवलं. काल ती चित्रशाळेतून मूठभर चिकणमाती मागून घेऊन आली. एक साप केला, तो पाटावर ठेवला, माझा मोबाइल डब्याला टेकवला आणि जेवणाची हाक येईपर्यंत फोटो काढत राहिली. ४८ फोटो, म्हणजे दोन सेकंद. साप डोकं वर काढतो आणि डावीकडे बघतो. मध्ये एका फोटोत तिच्या अंगठ्याची सावली आलीय. ती तो फोटो काढून टाकणार होती, मी राहू दे म्हटलं.